पडून पाहिल्याशिवाय

आमच्या साडूंइतका सावधपणे पडणारा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा झाला नाही, आणि विदर्भाबाहेरच्यांना मी या स्पर्धेत धरतच नाही. तुम्ही-आम्ही पडतो ते बावळटासारखे. पाय घसरतो, तोंडातून काहीतरी भलतंच निघतं आणि उठल्यावर आधी कोणी पाहिलं का ते बघतो. साडूंचं तसं नव्हतं. ते पडायचं ठरवत. चष्मा काढून जवळच्या माणसाच्या हातात देत, घड्याळ सोडून ठेवत, "हं, पडून राहिलो बरं का" अशी आगाऊ सूचना देत आणि मग शांतपणे आडवे होत. कारण त्यांचं कामच ते होतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत, कूलर बनवणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. तिथे कोणी घसरलं, कोणाच्या पायावर पत्रा पडला, कोणाचं बोट चेपलं, की चौकशी यांच्याकडे. आणि चौकशीचं त्यांचं शास्त्र एकच, जे झालं ते जसंच्या तसं स्वतःच्या अंगावर करून बघायचं. "पडून पाह्यल्याशिवाय समजत नाही गा मास्तर," ते मला म्हणत. मी शाळेत भूमिती शिकवतो, म्हणून मी मास्तर. "खुर्चीत बसून चौकशी केली तं ते खुर्चीचीच चौकशी होते."

हे पद त्यांना मिळालं तेही त्यांच्या स्वभावामुळेच. मूळचे ते तिथले स्टोअरकीपर. एकदा कोणी सरकारी माणूस तपासणीला आला आणि "तुमचा सुरक्षा अधिकारी कोण?" असं विचारता झाला. असा कोणी प्राणी कारखान्यात नव्हताच. शेठजींनी घाबरून इकडे-तिकडे नजर फिरवली, तर कोपऱ्यात एक गृहस्थ डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून डबा खात होते. "हे काय, हे!" शेठजी म्हणाले, आणि साडूंचं भाग्य उजळलं. ते हेल्मेट त्यांनी पदाच्या आधीच स्वखर्चाने घेतलेलं होतं. पुढे ते त्यांच्या डोक्याचाच भाग झालं. भाच्याच्या वरातीत सगळे फेटे बांधून नाचत होते, तेव्हा हे हेल्मेट घालून नाचत होते. "फटाके वरतून येऊन राहिले, तुमचे फेटे काय कामाचे?" असं त्यांनी मुलीच्या काकांना भर रस्त्यात थांबवून समजावलं. काकांनी त्यांना बँडवाल्यांपैकी समजून दहाची नोट ओवाळली, ती त्यांनी आनंदाने घेतली आणि खरोखरच बँडवाल्यांना नेऊन दिली.

घरातली चौकशीही याच धर्तीवर चाले. आमच्या सासूबाई एकदा न्हाणीत घसरल्या. फार लागलं नव्हतं, कंबर धरली होती एवढंच. घरातल्या प्रत्येकाने आपापलं तेल सुचवलं, साडूंनी मात्र न्हाणीचं दार सताड उघडलं, समोर खाट टाकून तीवर सासूबाईंना साक्षीदार म्हणून बसवलं आणि आत जाऊन पडायला सुरुवात केली. "असं नाही जावईबापू," सासूबाई खाटेवरून सांगू लागल्या, "मी पह्यले बादली धरली होती." साडू बादली धरून पडले. "डाव्या अंगावर पडा नं!" साडू डाव्या अंगावर पडले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सासूबाई आपली कंबर विसरून इतक्या रंगल्या, की त्यांनी शेजारच्या बायकांनाही बोलावून घेतलं. शेवटी निष्कर्ष निघाला तो असा, की साबण दाणीत न ठेवता जमिनीवर ठेवायची सवय सासऱ्यांना आहे. सासरे त्यानंतर कितीतरी दिवस या जावयाशी बोलले नाहीत. "घरातल्या चौकशीची हेच भानगड आहे," साडू मला म्हणाले. "गुन्हेगार आपलाच निंघते, अन् जेवायले बाजूलेच बसते." पण म्हणून निष्कर्ष बदलायचा, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आणि कांदा. साडूंबद्दल बोलायचं आणि कांद्याबद्दल नाही, हे होऊच शकत नाही. नागपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला सांगायला नको. दुपारी रस्त्यावरची कुत्रीही पाणपोईच्या मडक्याला टेकून बसतात. अशा दिवसांत खिशात कांदा असला की लू, म्हणजे उन्हाची मारक झळ, लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. बहुतेक लोक हे म्हणतात आणि विसरतात. साडू म्हणत, आणि आपल्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात एक कांदा घालत. चैत्र संपत आला, की ते बाजारातून पांढऱ्या कांद्यांचं पोतं आणत, लहान लहान, मुठीत मावतील असे निवडत, आणि दर सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर पिशवी घेऊन उभे राहत. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला एक कांदा. पुरुषांनी खिशात ठेवायचा, बायांनी पदराच्या गाठीत बांधायचा, आणि आठवडाभर तोच बाळगायचा. शनिवारपर्यंत तो सुरकुतला, की साडू तो हातात घेऊन समाधानाने म्हणत, "पाह्य, तुह्या वाटची लू यानं खाल्ली." आमच्या नात्यात एक डॉक्टर आहे. त्याने एकदा धीर करून सांगितलं, की याला शास्त्रीय आधार नाही. साडूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना त्याच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन कांदे घातले, कारण त्याला कोट घालावा लागतो. आणखी एका भाच्याचं लग्न ऐन मे महिन्यात होतं. त्याच्या शेरवानीत यांनी कोणाला न सांगता कांदा ठेवला. नवरदेव मोठ्यांच्या पाया पडायला वाकला आणि कांदा गडगडत थेट व्याह्यांच्या पुढ्यात जाऊन थांबला. व्याही बिचारे बाहेरगावचे, त्यांना वाटलं ही आमच्याकडची काही रीत असेल. त्यांनी त्याच्यावर हळदकुंकू वाहून त्याला नमस्कार केला. पाठोपाठ त्यांच्याकडच्या सगळ्यांनी केला. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मान कांद्याला कधी मिळाला नव्हता.

तर ही गोष्ट अशाच एका मे महिन्यातली. शाळेला सुट्टी होती, मी घरी बनियनवर पडून होतो, आणि संध्याकाळी साडू कारखान्यातून परस्पर आमच्याकडे आले. आल्या आल्या माझ्या बायकोला म्हणाले, "मंदे, एक कांदा दे वं. माहा कुठी पडला कोन जाने, दिवसभर खिसा खाली खाली लागून राहिला." मंदाने टोपलीतला एक लाल कांदा दिला. पांढरा नव्हता म्हणून त्यांनी जरा नाक मुरडलं, पण खिशात घातला आणि मग खुर्चीत बसले. बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आहे. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

झालं होतं असं. कारखान्यात बेबीताई नावाची एक बाई होती. कारखाना नुसता पत्र्याचा शेड होता तेव्हापासूनची. कूलरच्या तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या बसवतात, त्या भरण्याचं तिचं काम, आणि तिने भरलेल्या ताटीतून पाणी कसं सारखं झिरपतं हे साडू आम्हाला जेवताना वाढप थांबवून सांगत. त्या दिवशी सकाळी बेबीताई ताट्यांची चळत डोक्यावर घेऊन शेडमधून चालली होती, ती एकाएकी पडली. नुसती पडली नाही. तोल सावरायला तिने कडेच्या कूलरला हात घातला, तो कूलर दुसऱ्यावर गेला, दुसरा तिसऱ्यावर, आणि तयार कूलरची अख्खी रांग एकामागून एक आडवी झाली. बेबीताईचा उजवा हात मोडला. दवाखान्यात नेताना ती एकच सांगत होती, "माह्या पायाखाली कायतरी फिरलं." पण जागा तर साफ होती. तेल नाही, पाणी नाही, काही नाही. शेठजींचा पुतण्या नुकताच पुण्याहून शिकून आला होता आणि मॅनेजर झाला होता. तो म्हणाला, "काय फिरलं? पृथ्वी?" तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असेल, लक्ष दुसरीकडे असेल, असं त्याने ठरवूनच टाकलं. बाईचा निष्काळजीपणा, आडवे झालेले कूलर तिच्या नावावर, आणि हात बरा झाला तरी तिला परत कामावर घ्यायचं नाही. फक्त कागदावर सुरक्षा अधिकाऱ्याची चौकशी झाली पाहिजे. "अंकल, दोन ओळी लिहा आणि सही करा," पुतण्याने सांगितलं होतं.

"दोन वळी!" साडू हेल्मेटवर थाप मारून म्हणाले. "बाई खोटं नाही बोलत गा मास्तर. पायाखाली फिरलं म्हनते, तं कायतरी फिरलंच असन. परवा तू चाल माह्यासंगं. तुहं अक्षर चांगलं आहे, तू लिहजो. मी पडतो."

बेबीताईच्या हाताला प्लास्टर घालून तिला घरी सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साडूंच्या स्कूटरवर मागे बसून कळमेश्वरला गेलो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आणि माझ्याही खिशात कांदा, हे सांगायला नकोच. शेडमध्ये पोचलो तर तिथे चौकशीची तयारी कसली, जत्राच भरली होती. साडू पडणार ही बातमी आदल्या दिवशीच पसरली होती. वेल्डिंगवाले, रंगवाले, पंखे बसवणारे, सगळे हातातलं काम सोडून कडेने उभे होते. ताट्या भरणाऱ्या बाया पुढे बसल्या होत्या, कारण हा त्यांच्या मैत्रिणीचा खटला होता. आणि मधोमध, उपड्या ठेवलेल्या कूलरच्या टाकीवर, हात गळ्यात अडकवलेली बेबीताई चहा पीत बसली होती. साडूंनी तिला गावाहून खास ऑटो पाठवून आणवलं होतं. "ज्याचं पडनं, त्याच्यापुढंच पडलं पाह्यजे," असा त्यांचा नियम.

पुतण्या मोबाइल घेऊन चित्रीकरण करायला उभा होता. हे सगळं किती हास्यास्पद आहे ते त्याला काकांना दाखवायचं होतं. त्याने मोठ्याने विचारलं, "मावशी, खर्रा खाल्ला होता ना?" बेबीताईने चहाचा घोट गिळला. "खर्रा तं माहा नवरा खाते, दिवसभर खाते," ती म्हणाली. "तो काहून नाही पडत मंग?" बायांमध्ये हशा पिकला. पण मी तिच्या जवळ उभा होतो. चहा संपला तरी ती रिकामा कप डाव्या हाताने पुन्हा पुन्हा तोंडाला लावत होती. काम गेलं तर ती काय करणार होती? दुसरं काही ती कधी शिकलीच नव्हती, आणि शिकायला उजवा हात तरी कुठे होता.

साडूंनी चष्मा माझ्याकडे दिला. घड्याळ दिलं. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर ताट्यांची चळत, आणि "हं, पडून राहिलो बरं का" म्हणून ते निघाले. ठरल्या जागी आले आणि धप्पकन पडले. टाळ्या झाल्या. बेबीताईने मान हलवली. "तसं नाही साहेब. तुमी बसल्यावानी पडून राहिले. मी सपशेल गेली." साडू पुन्हा उठले, पुन्हा चळत, पुन्हा सपशेल. "पाय पुढे गेला होता, मांगं नाही." पाय पुढे टाकून पडले. आता प्रेक्षकांतही मतभेद सुरू झाले. एक वेल्डर म्हणाला, साहेबांचा डावा खांदा लवकर येऊन राहिला. रंगवाला म्हणाला, बाईचं वजन जास्त, साहेबांनी पाठीला काहीतरी बांधावं. त्यावर बाया त्याच्या अंगावर धावून गेल्या. कोणीतरी पडण्याचं धावतं वर्णन सुरू केलं. मी कागद घेऊन उभा होतो आणि हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. "अन् साहेब," बेबीताई आता पुरती रंगली होती, "तुमी 'अरे बाप रे' म्हनून पडून राहिले. मी 'अवं माय' म्हनली होती. त्यानं फरक पडते." साडूंनी हे इतक्या गांभीर्याने ऐकलं, की मला वाटलं ते ते लिहून घ्यायला सांगतील. कपडे झटकून ते पुन्हा निघाले, जागेवर आले, कंबरेत वाकले, "अवं माय!" असा टाहो फोडला आणि पाय पुढे, अंग मागे, ताट्या हवेत, असे काही पडले, की बेबीताईच्या तोंडून आपसूक निघालं, "हां! अस्संच!"

आणि त्याच क्षणी त्यांच्या शर्टच्या खिशातून कांदा उडाला. कूलर तयार झाला की त्यात पाणी घालून चालवून बघतात, म्हणून त्या शेडच्या जमिनीला नालीकडे उतार दिलेला आहे. कांदा त्या उतारावरून डौलात निघाला. चित्रीकरण करत करत मागे सरकणाऱ्या पुतण्याला तो दिसायचं काही कारणच नव्हतं. त्याची टाच बरोबर कांद्यावर पडली. पुण्याला शिकलेला तो मुलगा "मम्मी गं!" असं ओरडून आमच्या डोळ्यांदेखत हवेत गेला आणि पाण्याने भरलेल्या चाचणीच्या टाकीत बसता झाला. मोबाइल त्याच्याआधी पोचला होता.

शेडच्या पत्र्यांनी इतकं हसणं त्याआधी ऐकलं नसेल. बाया एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. वेल्डर जमिनीवर बसला होता. बेबीताई मात्र टाकीवरून उठून उभी राहिली आणि चांगल्या हाताने कांद्याकडे बोट दाखवून ओरडली, "हेच! हेच फिरलं होतं माह्या पायाखाली! असंच गोल गोल!"

साडू हसत नव्हते. ते पडल्या जागी तसेच आडवे होते, गाल जमिनीला टेकलेला, आणि उताराच्या बाजूला बघत होते. मग त्यांनी हात लांब करून कडेला रचलेल्या ताट्यांच्या खाली घातला, चाचपलं, आणि काहीतरी बाहेर काढलं. तो एक कांदा होता. चपटा झालेला, फुटून सुकलेला, पांढरा. दोन दिवस कोणाला वास कसा आला नाही, असं तुम्ही विचाराल. पण त्या कारखान्यात प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक पदराला कांद्याचाच वास होता, त्यात एक वास कोण वेगळा काढणार?

साडू उठले. "सगळ्यांनी आपापला कांदा दाखवा," ते म्हणाले. हशा विरला. शाळेत पाटी वर करावी तसे सगळ्यांचे हात वर झाले. वेल्डरचा काळा पडलेला, रंगवाल्याचा निळा ठिपका लागलेला, बायांनी गाठी सोडून काढलेले. मीही माझा वर धरला. बेबीताईने डाव्या हाताने गाठ सुटेना तेव्हा दाताने सोडली. सोमवारी दिलेले सगळेच्या सगळे पांढरे कांदे हजर होते. एकाचाही कमी नव्हता. फक्त नालीच्या तोंडाशी, पुतण्याला पाडून दमलेला तो एकटा कांदा लाल होता.

मला एकदम सगळं कळलं आणि मी पेनाला टोपण लावून टाकलं. तो लाल कांदा आमच्या घरच्या टोपलीतला होता, हे तिथे दोघांनाच माहीत होतं, साडूंना आणि मला. मी त्यांच्याकडे बघितलं. पण बेबीताईही खुळी नव्हती. तिने लाल कांद्याकडे बघितलं, साडूंच्या रिकाम्या खिशाकडे बघितलं, आणि भरभर बोलायला लागली. "जाऊ द्या साहेब, कोनाचाबी असन. उंदरानं आनला असन. समजलं नं, कायतरी फिरलं होतं ते? मंग झालं तं! लिहा, कांदा होता म्हनून."

तेवढं लिहून खरंच भागलं असतं. साडूंनी तो चपटा कांदा तळहातावर घेतला, जरा वेळ बघितला आणि शेठजी आत येत होते त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा माहा आहे. त्या दिवशी सकाळी इथं खिळा पडला होता. कोनाच्या पायात जाऊ नये म्हनून मी उचलायले वाकलो. तवाच पडला असन." मग माझ्याकडे वळून, "लिही मास्तर. अपघाताचं कारन, चौकशी करनाऱ्याच्या खिशातला कांदा."

शेठजींनी खूप समजावलं. "साहब, सरकारी माणसाला मी काय सांगू, कांद्याने पाडलं? लोक हसतील ना!" साडू म्हणाले, "हसू द्या. बाईले कामावरून काढाल तं त्याले कोन हसन?" ओला पुतण्या टॉवेल गुंडाळून उभा होता आणि रागाने लाल झाला होता, पण करतो काय, तोही त्याच कारणाने पडला होता, आणि तो तर काही निष्काळजी नव्हता. मी लिहिलं, साडूंनी सही केली. बेबीताईचं काम राहिलं, हाताचा खर्च कारखान्याने केला. आणि साडूंचं पद गेलं. शेठजी तोंडाने काही कडू बोलले नाहीत, पण पुढच्या सोमवारी साडू पुन्हा स्टोअरमध्ये बसले, आणि फाटकावर पाटी लागली, कारखान्यात कांदा आणण्यास मनाई आहे. ती पाटी सरळ लागली आहे का, हे साडूंनी स्वतः शिडी धरून पाहिलं, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं.

त्यानंतरचे ते दिवस मला आठवायला नको वाटतात. साडू घरी यायचे आणि बसायचे. गॅसची नळी वाकवून बघायचे नाहीत, पंख्याखालून खुर्ची सरकवायला सांगायचे नाहीत. मंदाच्या हातून दूध उतू गेलं तेव्हा आम्ही दोघं आशेने त्यांच्याकडे बघत राहिलो, पण ते उठलेसुद्धा नाहीत. आणि कांदा कोणालाच दिला नाही. बाहेर आग ओतत होती, मी त्यांच्यासमोर मुद्दाम उन्हात जायला निघालो, रिकामा खिसा पुढे करून उभा राहिलो. ते म्हणाले, "टोपी घाल," आणि वर्तमानपत्र उचललं. ताई, म्हणजे मंदाची थोरली बहीण, स्वयंपाकघरात मंदाला सांगत होत्या, "लोकायले वाचवता वाचवता बाईचा हात माह्याच हातानं मोडला, असं म्हनते वं. झोपेतबी म्हनते." लोक त्यांना हसले याचं त्यांना काहीच नव्हतं. जन्मभर लोक त्यांना हसतच आले होते.

एका रविवारी आम्ही साडूंकडेच जेवायला होतो. जेवणं झाली होती आणि दारात बेबीताई आली. हाताचं प्लास्टर निघालं होतं. हात जरा वाळल्यासारखा दिसत होता, पण काखेत पिशवी घट्ट धरलेली होती. ताईंनी पाणी दिलं. साडू उभे राहिले आणि तिच्या हाताकडे बघत राहिले, तोंडाकडे बघेनात. तिने पिशवीतून एक खाकी शर्ट काढला. साडूंचाच होता, ताईंनी गुपचूप दिलेला. शर्टच्या खिशाला वरून एक झडप शिवली होती आणि झडपेला भलंमोठं काळं बटण लावलं होतं.

"सगळ्यायच्या शर्टाले लावून राहिली मी," ती म्हणाली. "हात मोकळा झाल्यावर पह्यलं काम हेच केलं. शेठजी म्हनले, बटन असन तं कांदा चालन. पाटी काढली. त्या पुतन्यानंबी लावून घेतलं, अन् कोनाले सांगू नका म्हने." मग तिने पदराची गाठ सोडली आणि एक पांढरा कांदा काढून साडूंच्या पुढे धरला. "हे घ्या. आतापर्यंत तुमीच सगळ्यायले देल्ले, तुमाले कोनी देल्ला नाही."

साडू म्हणाले, "बाई, याच कांद्यानं तुहा हात..."

"मी पडली तं पडली साहेब," बेबीताई म्हणाली. "हात मोडला तं जुडला. पन तुमच्या राज्यात लू लागून कोनी मेलं का? एक सांगा. तुमी फाटकावर नसले नं, तं सकाळी आत जावंसं नाही वाटत."

साडूंनी तो शर्ट अंगात घातला, कांदा खिशात ठेवला, झडप ओढून बटण लावलं. ते घट्ट होतं, लागायला वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. मनगटावरचं घड्याळ सोडलं, तेही दिलं. ताई ओरडल्या, "अवं माय, आता घरात काहून?" पण ते हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. "हं, पडून राहिलो बरं का," ते म्हणाले. पाय पुढे टाकला, कंबरेत वाकले, "अवं माय!" म्हणून आरोळी ठोकली आणि सपशेल पडले.

"निंघाला का साहेब?" बेबीताईने वाकून विचारलं.

"नाही निंघाला," साडू जमिनीवरून म्हणाले. एक हात खिशावर होता. आम्ही वाट बघत होतो, पण ते उठेनात. तसेच उताणे पडून छताकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाशी चाललं होतं. बेबीताईने तोंड फिरवलं आणि ताईंना चहा ठेवायला सांगितला.

आता ते निवृत्त झाले आहेत. गुडघे ऐकत नाहीत, त्यामुळे पडणं बंद आहे. घरात काही सांडलं-लवंडलं तर चौकशी तोंडीच होते, आणि त्याबद्दल ते फार नाराज असतात. उन्हाळा लागला की मी भेटायला जातो. बेबीताईने माझ्याही शर्टाला तसंच बटण लावून दिलं आहे. साडू मला आत येऊ देण्याआधी दारातच माझा खिसा चाचपतात. कांदा असतो. बटण लावलेलं असतं. तरी ते एकदा काढून पुन्हा लावतात.